बहिणीच्या पिशवीतले टाक

धाकटी बहीण अंघोळीला गेली तेव्हा मी तिची पिशवी उघडली. तिला विचारलं नव्हतं. पिशवी दारातच ठेवली होती, येता-जाता पायात येत होती. कोपऱ्यात सरकवावी म्हणून उचलली तर उचलेना. तीन दिवसांसाठी आलेल्या बाईची पिशवी इतकी जड कशाला, म्हणून चेन ओढली.

वर रोजच्या साड्या. त्याखाली स्वेटर, लग्नकार्याला नेसायच्या दोन साड्या, गुडघ्याच्या तेलाची भरलेली बाटली, टॉवेलात गुंडाळलेला नवऱ्याचा फोटो, काचेसकट. आणि तळाला पितळेचा डबा. तो डबा मी निपाणीला तिच्या देवघरात कितीतरी वेळा पाहिला होता. झाकण काढलं. तांबड्या फडक्यात पूजेचे चांदीचे पाच टाक होते. खंडोबा, भवानी, जोतिबा, तिचा सासरा, आणि पाचवा चकचकीत नवा, मागच्या वर्षी केलेला, तिच्या नवऱ्याचा.

आमच्यासारख्या घरांत देवाचे टाक तीनच वेळा उंबऱ्याबाहेर पडतात. सोनाराकडे उजळायला, मूळ देवाच्या भेटीला डोंगरावर, नाहीतर घर फुटलं तर वाटणीत. बंगळूरची लालबाग बघायला कुणी टाक घेऊन येत नाही.

मला वाटलं, कळलं. पोरगा आईला माझ्या गळ्यात घालून जाणार. आमच्या गल्लीत असं झालेलं आहे. एका म्हाताऱ्याला डोळ्याच्या ऑपरेशनला म्हणून गावाकडून पुतण्याकडे आणलं. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, न्यायला कुणी आलं नाही. तो अजून जिन्याखाली खाट टाकून आहे.

डबा होता तसा ठेवून चेन लावली. बहीण केस पुसत बाहेर आली.

"अक्का, चहा झाला?"

"झाला."

"तोंड असं का केलंस?"

"ते असंच आहे."

तिला हे ठाऊक आहे की नाही ते मला समजेना. पिशवी तिनं भरली का सुनेनं भरून दिली? सरळ विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण ती रडली असती, आणि रडणाऱ्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं. मला नाही म्हणायचं होतं.

ते आधी सांगून टाकते. कॉटनपेटेत माडीवर माझी एक खोली आणि पुढं स्वयंपाकाची जागा आहे. नवरा शिवणकाम करायचा, तो गेला. मुलगा आनेकलला कारखान्यात आहे, तिकडं ये म्हणतो, मी जात नाही. अकरा वर्षं एकटी राहते. वाटलं तर रांधते, नाही वाटलं तर दहीभात. दाराला कडी घातली की आत कुणाचा आवाज नाही. मला ते आवडतं. सख्खी बहीण झाली तरी मला तिथं दुसरं माणूस नको होतं.

ते लोक आले होते हेब्बाळला. भाच्याच्या बायकोच्या भावानं तिथं घर घेतलं, त्याची वास्तुशांत होती. भाचा आणि सून तिथंच उतरले, बहिणीला आदल्या संध्याकाळी माझ्याकडं सोडलं. आज दिवसभर बंगळूर बघायचं आणि उद्या पहाटे निपाणीला परत, असं ठरलं होतं. नऊ वाजता भाच्यानं खालून हॉर्न वाजवला.

पहिल्यांदा मार्केटजवळचा सुलतानाचा लाकडी महाल. माझ्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे आणि मी तो आयुष्यात दोनदा पाहिला आहे. भाचा खांब बघत, कमानी बघत फिरला आणि मग सुरू झाला.

"मावशी, त्याच्या आधी हे सगळं आपल्या महाराजांच्या वडिलांची जहागीर होतं नव्हं? मग त्याचं काय दाखवायला नाही?"

"दाखवलं तर परत देणार आहेत काय तुला?"

सून हसली. बहीण हसली नाही. एरवी ती पहिली हसते.

माडीवर जायच्या पायऱ्या उंच आहेत. "अज्जी, स्वल्प नोडि," तिथला माणूस म्हणाला, जपून म्हणून. बहिणीनं माझा दंड धरला. तिची बोटं गार होती. वर लाकडाच्या सज्ज्यात आम्ही दोघी उभ्या राहिलो. खाली भाचा फोनवर बोलत लांब गेला, गवताच्या कडेला पाठ करून. कुणाशी बोलतोय, माझ्यासमोर का बोलत नाही, हे मी मनात लिहून घेत होते.

सून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. ती शाळेत शिकवते, बोलायला बरी आहे.

"मावशी, तुमच्याकडं पाणी रोज येतं का हो?"

"एक दिवसाआड."

"मग कसं भागतं?"

"एकटीला भागतं. दोघींना भागणार नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "नाही, मी आपलं विचारलं. माझ्या भावाकडं टँकर आणतात."

बहीण सज्ज्याच्या खांबावरून हात फिरवत होती. तिनं ऐकलं का नाही, मी बघितलं नाही.

बसवनगुडीला नंदीचं दर्शन झालं. बहीण तिथं डोकं टेकून इतका वेळ राहिली की मागची माणसं 'अम्मा, अम्मा' करायला लागली. मग एका दर्शिनीत इडली खायला थांबलो. दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायचं हॉटेल. उंच टेबलाशी आम्ही दोघी, आणि ती दोघं कॉफीच्या रांगेत. बहिणीनं एक इडली मोडली आणि चटणीत फिरवत बसली.

"खा की."

"जात नाही."

"कालपण नीट जेवली नाहीस."

"अक्का," ती म्हणाली, "तुला एक विचारायचं होतं."

आता ही विचारणार की मला इथं का आणलंय, आणि सांगायची पाळी माझ्यावर येणार. तेवढ्यात भाचा दोन्ही हातांत पेले धरून आला.

"आई, कॉफी. गरम आहे बघ. काय बोलायलायसा दोघी?"

"काही नाही," बहीण म्हणाली.

मी पण म्हणाले, "काही नाही." मला सुटल्यासारखं झालं होतं, हे खरं आहे ते लिहिते.

कॉफी पिता पिता भाचा विचारतो, "मावशी, तुझ्या घराजवळ मोठा दवाखाना कुठला गं?"

"का? कोण आजारी आहे?"

"कोण नाही. वयं झाली की तुमची."

"माझं झालंय. माझं मी बघते. तुझ्या आईचं तू बघ."

"मी काय म्हणालो आता?" तो बायकोला म्हणाला. सूनबाईनं मान हलवली, गप्प राहा म्हणून. त्या दोघांची खूण मी पाहिली आणि माझा हिशेब पक्का झाला. संध्याकाळी घरापाशी गाडी थांबणार. 'मावशी, आई चार दिवस राहू दे तुझ्याकडं,' असं तो गोड बोलणार. पिशवी आधीच वर पोचलेली. चार दिवसांचे चार महिने होणार. मग मी नाही म्हणायचं तर ते बहिणीच्या तोंडावर म्हणायचं. म्हणजे आधीच बोलायला पाहिजे, आणि त्याला एकट्याला गाठून बोलायला पाहिजे. पण तो एकटा सापडेना. एकतर बायको बरोबर, नाहीतर फोन.

लालबागेत ऊन चढलं होतं. तिथला मोठा कातळ आहे ना, वर जुना छोटा मनोरा आहे तो, त्यावर चढायचा भाच्याचा हट्ट. माझे गुडघे बोलत होते. बहीण तर अर्ध्यावरच खाली बसली. वारा होता, खाली झाडं आणि लांबवर इमारती. शाळेची पोरं ओरडत पळत होती. भाच्यानं फोन काढला.

"आई, ऊठ. तिथं उभी राहा. फोटो काढतो."

"सगळे येऊ दे की," बहीण म्हणाली.

"सगळ्यांचा मग. आधी तुझा एकटीचा. तुझा चांगला फोटो घरात एकपण नाही."

माणूस परत भेटणार नसला की असा फोटो काढतात, असं माझ्या डोक्यात आलं. त्यानंतर मी थांबले नाही.

"फोटो घेऊन काय भिंतीला लावणार? तिला घेऊन जा. फोटो नको आणि नाटक नको."

भाच्याचा हात तसाच वर राहिला. "काय झालं मावशी?"

"मला काय आंधळी समजलास? आईला बंगळूर दाखवायला आणलंस म्हणे. आज संध्याकाळी तिला गाडीत घालायची आणि पिशवीसकट परत न्यायची. माझं घर धर्मशाळा नाही. तुझी आई आहे, तू सांभाळ."

"अगं, उद्या सकाळी नेतोच आहे की मी! कोण सोडायलंय तिला?"

"खोटं बोलू नकोस. टाक कशाला आणलेस मग?"

"कुठले टाक?"

"तुमचे! खंडोबा, भवानी, तुझा बाप. तिच्या पिशवीत स्वेटरखाली आहेत. सकाळी डोळ्यांनी बघितले मी."

भाच्यानं बायकोकडं पाहिलं. बायकोनं सासूकडं पाहिलं. त्या पोराचं तोंड बघून मला समजलं की याला काही माहीत नाही. असं तोंड करता येत नाही. आणि मग मी बहिणीकडं पाहिलं. ती कातळावर पदर गुडघ्यांत खोचून बसली होती आणि माझ्याकडं बघत होती. पोराकडं नाही, सुनेकडं नाही. माझ्याकडं.

सून हळू म्हणाली, "आई, निघताना 'देवाला सांगून येते' म्हणून आत गेलात. ते हेच?"

"हो."

"घरात आता देव नाहीत?" भाचा म्हणाला.

"नाहीत."

"मला सांगायचं नाही?"

"तू सांगितलं होतंस की मला. आता कुणाला जमत नाही, टाक वेदगंगेत सोडून देऊ, एक फोटो लावू, बास झालं म्हणालास."

"एकदा म्हणालो! रागात म्हणालो!"

"शांतपणे कोण देव नदीत सोडतंय?"

सून खाली बसली, सासूच्या समोर. ती शाळेत बोलावं तसं नीट बोलली. "मी सातला बाहेर पडते, आई. तरी दिवा लावून जाते. तुमचं सोवळं मला जमत नाही, ते मी पहिल्या दिवसापासून सांगितलंय. पण दिवा एक दिवस चुकवला काय? सांगा."

"नाही चुकवलास. तुझ्याबद्दल मी काही म्हणत नाही."

"मग?"

"तू शाळेला, हा दुकानाला. दिवसभर त्या घरात मी आणि ते पाच जण. ते पण जाणार म्हटल्यावर मी काय करू? म्हटलं, अक्का एकटी आहे. तिला विचारावं."

एक पोरगं आमच्या मधूनच पळत गेलं, त्याची बाई त्याच्यामागं.

"विचारायचं होतंस," मी म्हणाले.

"कालपासून तोंड उघडते आणि मिटते. इडली खाताना विचारत होते."

"मग अर्धवट का सोडलंस?"

"आता बरं झालं सोडलं ते. उत्तर मिळालं."

"ते त्याला बोलले मी. तुला नाही."

"मी काय बहिरी आहे, अक्का?"

खाली उतरताना तिनं सुनेचा हात धरला. सकाळी महालात माझा दंड धरला होता. मी कठड्याला धरून उतरले.

गाडीत भाचा एकदाच बोलला. सिग्नलला थांबलो होतो. मागं न बघता म्हणाला, "आई, तुला मावशीकडं राहायचं तर राहा. महिना राहा, दोन महिने राहा. मी न्यायला येतो. पण देव घरी गेले पाहिजेत. देवाविना घर ठेवता येत नाही मला."

"नदीत सोडणारा तूच," बहीण म्हणाली, पण त्यात जोर नव्हता.

"चुकलो म्हणतोय की. आणि काय करू?"

घरी पोचलो. चौघं वर आलो. माझ्या खोलीत चौघं एकदम उभी राहिली की हलायला जागा राहत नाही. भाचा म्हणाला, "मग काय मावशी? राहू दे आईला?" त्यानं सरळ विचारलं. पोरगा वाईट नाही. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी 'राहू दे' म्हणायला पाहिजे होतं, लगेच. मी खोलीकडं पाहिलं. माझी खाट इथं, शिवणाचं मशीन तिथं, मधे अंथरूण पडेल का, रात्री मला उठायचं झालं तर पाय कुठं ठेवायचा, पाण्याची आणखी एक घागर कुठं. क्षणभरच पाहिलं असेल. बहीण माझ्या डोळ्यांकडंच बघत होती.

"मोजू नकोस, अक्का," ती म्हणाली. "मी मावत नाही."

"राहा की," मी म्हणाले. "मी नाही कधी म्हणाले?"

"सकाळपासून म्हणतेयस."

"राहा म्हणतेय आता."

"आता नको."

तिनं स्वतः पिशवी उघडली आणि डबा काढला. भाच्यानं चपला जिन्यातच काढल्या होत्या, तरी त्यानं मोरीत जाऊन पाय धुतले, हात धुतले, मग डबा घेतला. झाकण काढून बापाच्या टाकावरून अंगठा फिरवला आणि झाकण लावलं. मला तिथं उभं राहवेना म्हणून मी चहाचं आधण ठेवलं. सून म्हणाली, "नको मावशी, भावाकडं वाट बघतात." पहाटेचं निघणं होतं, म्हणून बहिणीला पण आताच हेब्बाळला नेणार होते. मी गॅस बंद केला.

खाली गाडीपर्यंत गेले. बहीण पुढं बसली, डबा मांडीवर. सकाळी पुढची जागा तिनं मला दिली होती. काच खाली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "गुडघ्याचं तेल लावत जा." ती म्हणाली, "सरी." लहानपणी बाप ओरडला की आम्ही दोघी असंच म्हणायचो, कानडीत, एका शब्दात 'बरं', म्हणजे पुढचं बोलणं बंद.

या गोष्टीला आता सात-आठ महिने झाले. देव निपाणीला त्यांच्या जागेवर आहेत. दिवा सून लावते, बहीण शेजारी बसते. भाचा दुपारी घरी जेवायला यायला लागला आहे, असं सूनच फोनवर म्हणाली. म्हणजे त्या बंगळूर बघण्यातून तिला जे मिळायचं ते पोराकडून मिळालं, माझ्याकडून नाही.

मी तिला दोनदा बोलावलं. पहिल्यांदा म्हणाली, थंडी आहे. दुसऱ्यांदा म्हणाली, बघू. माझा मुलगा म्हणतो, तू माफी माग, येईल. मी कशाची माफी मागू? मला एकटीला राहायला आवडतं, हे तेव्हा खरं होतं आणि आज पण खरं आहे. पण तिनं विचारायच्या आधीच मी नाही म्हणाले, आणि तिनं ते कातळावर परक्या पोरांच्या गर्दीत ऐकलं. ते मला आवडलेलं नाही.

तिसऱ्यांदा बोलावणार नाही. पुढच्या सोमवारची निपाणीच्या गाडीची सीट मुलानं काढून दिली आहे. तिला कळवलेलं नाही. दारात बघून ती काय म्हणेल ते म्हणो. तिथं आठ दिवस राहणार, तिच्या शेजारी झोपणार, तिच्या हातचं खाणार. ती तिच्या घरात मला सामावून घेते का, ते बघायचं आहे.